मिरचीच्या वावरात फुटलेला आवाज

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. वीस वर्षं आमच्या धामणगाव बढ्यात माझ्या यजमानांनी भजनाला चाल दिली, आणि लकव्याचा झटका आला तो नेमका त्यांच्या वाचेवर. उजवा हात लुळा पडला. तोंडातून फक्त 'बा, बा' निघे. पाणी हवं तरी 'बा', पाठ दुखली तरी 'बा', आणि मला कळलं नाही की चिडून भिंतीवर डोकं आपटत. भेटायला आलेल्या बाया म्हणत, "मागल्या जन्माचं असंन बाई, भोगा लागते." एकीला तर मी उंबऱ्यातूनच परत पाठवलं. ज्या तोंडाने जन्मभर देवाचं नाव घेतलं, तेच तोंड त्याने बंद करावं? मी दिवा लावणं सोडलं.

घरी एकटं ठेवण्याची सोय नव्हती. वावरात निंबाखाली बाज टाकून यांना निजवायचं आणि मिरचीच्या तोड्याला लागायचं, असे दिवस चालले होते. एका सकाळी मजुरांत नवी बाई आली, वडनेरकडची, बहिणीकडे राहायला आलेली. साठीची, काटक. सरीत वाकली आणि भजन म्हणू लागली. नेमकं तेच, जे हे दर एकादशीला म्हणत. माझ्या अंगाची आग झाली.

"बंद कर ते! माह्या वावरात देवाचं नाव नको!"

"काऊन वो बाई?"

"त्यायले ऐकू येते, म्हणता येत नाही. जीव तुटते त्यायचा!"

तिने बाजेकडे पाहिलं. हात पदराला पुसून ती यांच्याजवळ जाऊन बसली, चांगला हात हातात घेतला आणि तळव्यावर ठेका धरला. "तुमी रागवा माह्यावर," ती मला म्हणाली, "पन म्हणू द्या." मी भरलेली टोपली भिरकावली. मिरच्या सांडल्या. ती गातच राहिली. दुसऱ्या कडव्याला तिच्या आवाजात एक खरखरीत आवाज मिसळला. हे गात होते. अख्खं कडवं, एक शब्द न चुकता.

मी बाजेवर मुठी आपटल्या. "मंग इतके महिने काऊन रडवलं रे त्यायले?" मी आभाळाकडे पाहून ओरडत होते. तिने मला गप्प केलं नाही. डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "भांड बाई. आपल्याच मानसाशी भांडते मानूस."

डॉक्टर म्हणाले, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते. असेल. ती बाई मात्र प्रत्येक तोड्याला आली, यांच्यासोबत गायली, आणि हंगाम सरल्यावर आपल्या गावी गेली. यांचं बोलणं परतलं नाही. पण आता हे भाकरही चालीत मागतात, आणि मी चालीतच "वाढते" म्हणते.

राग अजून आहे. शरण जायचं तर तो आधी गिळावा लागतो, असं मला वाटे. मी तो तसाच घेऊन देवाच्या दारात गेले. त्याने मला हाकललं नाही.