फोटोतली वहिनी

आमच्या दादाच्या पायाला भिंगरी आहे. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला स्थिर हात लागतात. दादाचे हात तेवढे स्थिर आहेत, बाकी सगळं सारखं हलत असतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हा दिवे सरकवत, पडदा ताणत त्याच्याभोवती घिरट्या घालतो. मग कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करून पुटकुळ्या, वांग, काळी वर्तुळं पुसून टाकतो, तेही न विचारता. "जसा आहे तसा चेहरा बघायला लोकांच्या घरी आरसे आहेत," असं वर ऐकवतो. धंद्याची खोड, दुसरं काय!

यंदा या भिंगरीने आम्हा सगळ्यांना गरगरवलं. दादाची मुलगी, माझी भाची, परदेशात, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. दादा-वहिनी दोघांना वेळेत व्हिसा मिळायला हवा होता. त्यात मुलाखत इंग्रजीत होते आणि सगळं घोडं ओळख पटवण्यापाशीच अडतं, असं कोणीतरी दादाच्या डोक्यात भरवलं. झालं! दादाने ओळखीबद्दलचे जेवढे म्हणून इंग्रजी शब्द मिळाले तेवढे गोळा केले आणि वहिनीच्या मागे लागला.

वहिनी भाजी चिरतेय, हा स्वयंपाकघरात येरझारा घालतोय.

"आयडेंटिटी म्हणजे?"

"मी कोण, ते."

"आयडेंटिफाय?"

"ओळख पटवणं."

"आयडेंटिकल?"

"हुबेहूब. अहो, बसा ना जरा, माझं बोट कापेल."

"आयडिया?"

"कल्पना. माणसाच्या डोक्यात असते, बाहेर कुठे सापडत नाही."

"हे 'बाहेर सापडत नाही' कुठून आणलंस?"

"तुमच्याकडे बघून सुचलं."

मी खो खो हसले. दादाने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं हसू मी पदरात लपवलं.

मुलाखतीला मीही गेले, कारण दादाला आवरणं एकट्या वहिनीच्या हातचं नव्हतं. काचेपलीकडे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी वहिनीचा फोटो उचलला, वहिनीकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं.

वहिनीच्या डाव्या गालावर जन्मापासून तांबूस डाग आहे, डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत. फोटोतल्या बाईचा गाल साफ होता.

"ही तुम्हीच का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, हॅबिट, मॅडम, ओन्ली हॅबिट..." दादा काचेवर जवळजवळ चढलाच. बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि वहिनीकडे बघत राहिल्या.

वहिनीने फोटो मागून घेतला. तो ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता सगळे शब्द विसरली. मग म्हणाली, "नो मॅडम. नॉट आयडेंटिकल." फोटो परत सरकवला. "धिस इज माय हजबंड्स आयडिया."

बाई हसल्या नाहीत. उद्या सकाळी खरा फोटो आणा, नाहीतर पुढची तारीख महिन्याभराने मिळेल, एवढंच म्हणाल्या. महिन्याभराने गेलं तर बाळाचं बारसंसुद्धा होऊन गेलं असतं.

तिथून आम्ही थेट दुकानात आलो. दादा दिवे लावायला लागला तशी वहिनी म्हणाली, "हा डाग तुम्हाला इतका खुपतो?"

"अगं, सवयीने हात चालतो."

"स्थळांना पाठवायचा फोटो काढायला बाबांनी मला याच स्टुलावर बसवलं होतं. डाग पुसा म्हणाले, तुम्ही पुसलात. आणि आठवड्याने स्वतःच मागणी घालायला आलात. मला वाटलं, चला, एकाने तरी मला नीट बघितलंय. मग लग्नानंतर कुणासाठी पुसत राहिलात?"

दादा वायर गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. "लोक बघतात तुझ्याकडे," शेवटी पुटपुटला. "मला सहन होत नाही."

"मला होतं," वहिनी म्हणाली. मला रडू आलं आणि दादाचा भयंकर रागही आला. घरातल्या भिंतीवर, अल्बममध्ये, भाचीला पाठवलेल्या फ्रेममध्ये, वहिनीचा खरा फोटो कुठेच नव्हता. इतकी वर्षं मी त्या घरात वावरतेय, मलाही ते कधी दिसलं नव्हतं.

फोटो काढला. कॉम्प्युटरवर चेहरा मोठा झाला तसा दादाचा हात आपसूक माऊसकडे गेला. मग त्याने तो मांडीखाली दाबून धरला आणि मला म्हणाला, "तू दे गं प्रिंट." मी दिली.

सकाळी बाईंनी फोटो घेतला, वहिनीकडे एकदाच बघितलं आणि शिक्का मारला.

बॅगा भरताना दादाने तोच फोटो भाचीला फोनवर पाठवला आणि लगेच येरझारा सुरू केल्या. "तिला काय वाटेल? आधीची फ्रेम तिच्या भिंतीवर असेल, आता हा..."

फोन वाजला. दादाने स्पीकर लावला.

"बाबा," भाची म्हणाली, "ती फ्रेम मी कधी लावलीच नाही. तिच्याकडे बघून मला आईची आठवणच यायची नाही. येताना हा फोटो मोठा करून आणा."

दादा मटकन बॅगांशेजारच्या स्टुलावर बसला. वहिनी शांतपणे साड्यांच्या घड्या घालत होती.