पर्सनल डायरी, दर शनिवारी जमा

स्टाफरूममध्ये दोनच गोष्टी साठतात, तपासायच्या वह्या आणि किस्से. वह्या निदान परत तरी जातात! पण गेल्या वर्षीचे किस्से आठवले की माझं अजून डोकं फिरतं. कारण त्या वर्षी आमच्याच वह्या तपासल्या जात होत्या.

आमची शाळा खांदा कॉलनीतली. मी मराठी शिकवते. आमच्या मुख्याध्यापिका मॅडम कुठलंसं शिबिर करून आल्या आणि त्यांनी प्रत्येक शिक्षकाला एक जाडजूड डायरी दिली.

"एक मोठं ध्येय लिहा. त्यासाठी आज काय केलं, ते रोज लिहा. मनातलं, अगदी पर्सनल! आयुष्य बदलेल."

कल्पना मला आवडली, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि दर शनिवारी माझ्या टेबलावर जमा करा."

"पर्सनल डायरी जमा करायची?"

"अहो, तपासल्याशिवाय तुम्ही लिहाल का?"

*

माझं वय सेहेचाळीस. लहानपणापासून पाण्याची भीती. मी मन घट्ट करून लिहिलं, 'पोहायला शिकेन आणि उरणच्या समुद्रात एक किलोमीटर पोहेन.'

सोमवारी डायरी परत आली. खाली लाल शाईत शेरा, 'धोकादायक! पालकांची सही आणावी.'

सवयीनं लिहिलं असणार. पण सेहेचाळिसाव्या वर्षी? माझाही पारा चढला. मी तशीच कामोठ्याला वडिलांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सही केली आणि वर विचारलं, "वर्गात काय केलंस गं?"

*

आमचे पीटीचे कदम सर हुशार. पहिल्या आठवड्यात त्यांनी चार ओळी लिहिल्या. पुढे दर आठवड्याला त्याच चार ओळी, फक्त तारीख नवी.

सातव्या आठवड्यात शेरा मिळाला, 'सातत्य वाखाणण्याजोगं!'

*

शेख सरांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. विज्ञान शिकवतात, अबोल माणूस. त्यांनी लिहिलं, 'खाडीतल्या खारफुटीवर पीएचडी करायची आहे.' लगेच बोलावणं आलं.

"म्हणजे शाळा सोडणार तुम्ही?"

"नाही मॅडम, शाळा सांभाळूनच..."

"वेळ बराच उरतोय वाटतं!" आणि आठवड्याला तीन जादा तास गळ्यात!

पुढच्या शनिवारी सरांनी लिहिलं, 'ध्येय: शाळेत वेळेवर येणे.' त्यावर सोनेरी स्टार आणि शेरा, 'व्हेरी अ‍ॅम्बिशस!'

मी चिडले, भांडायला निघाले. सरांनी मला थांबवलं आणि डब्याच्या पिशवीतून दुसरी डायरी काढून दाखवली. भरतीच्या वेळा, झाडांची चित्रं, वाचलेल्या शोधनिबंधांच्या नोंदी, सगळं रोजच्या रोज. "खरी ही आहे. ती शाळेची." दिवाळीनंतर त्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्या दिवशी जमा केलेल्या डायरीत लिहिलं होतं, 'आज सात मिनिटं लवकर आलो.'

*

डायऱ्या वाटल्या त्या दिवशी पार्वतीमावशी चहा घेऊन आल्या होत्या. शाळेत शिपाईकाम करतात, राहणार चिरनेरच्या बाजूच्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि एका डायरीवरून हात फिरवला.

"मावशींना पण द्यायची का एक?" मी विचारलं.

"त्यांना कसली आलीत ध्येयं!" मॅडम म्हणाल्या. मावशींच्या तोंडावर! मी चहा तसाच ठेवला.

मावशींनी डायरी म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून लिहायच्या. गणित अडलं की शेख सरांना गाठायच्या. "लग्नात शाला सुटली, आता नाय सोडायची," म्हणायच्या.

आणि पास झाल्या! पहिल्याच झटक्यात, गणितासकट.

शाळेत सत्कार ठेवला. पालकांनी हॉल भरला. मॅडमनी माईक हातात घेतला, "हे आमच्या डायरी उपक्रमाचं यश!" मी खुर्चीतून उठलेच होते, कदम सरांनी हात धरून बसवलं.

मावशी नवं लुगडं नेसून, वही पदराखाली धरून स्टेजवर उभ्या होत्या. मॅडमनी वहीसाठी हात पुढे केला. मावशी एक पाऊल मागे सरकल्या.

"बरं, निदान सांगा तरी," मॅडम हसून म्हणाल्या, "पहिल्या पानावर काय ध्येय लिहिलं होतंत?"

मावशींनी माईक जवळ ओढला.

"पयल्या पानावर लिवलंय, ही वही मॅडमला दाखवायची नाय!"