मुरुडच्या माळावरची आखणी

लोहा गावच्या केरबाची थोरली लेक पंचशीला आर्किटेक्ट झाली ती लातूरच्या गोलाईमुळं, तिथल्या गोल बाजारपेठेमुळं. लहानपणी मामाकडं आली की ती बाजाराच्या मधोमध उभी राहून चहूकडून येऊन मिळणारे रस्ते बघत बसायची. गाव असं असावं, मधे चौक, सरळ रस्ते, चालणाऱ्याला सावली, हे तिच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि तिला तिथल्या नगररचना कचेरीत नोकरी लागली. सुट्ट्या घालवून तिनं गोल चौकाच्या नव्या वसाहतीचा नकाशा काढला. साहेब हणमंतरावांनी कौतुक केलं आणि तो कपाटात ठेवला. म्हणाले, "बाई, चौक कोण विकत घेणार? लोक प्लॉट घेतात."

पुढची चार-पाच वर्षं दुसऱ्यांचे नकाशे तपासण्यात गेली. तिनं दोनदा राजीनामा लिहिला. पण केरबा अंथरुणाला खिळलेला, दोन भाऊ शिकत होते. दोन्ही वेळा कागद तिनंच फाडला.

मग दुष्काळ पडला. मुरुडजवळच्या माळावर जनावरांची छावणी ठरली आणि आखणीला तिलाच धाडलं. तिनं चुन्यानं मोठं वर्तुळ आखलं, मधे पाण्याचा हौद. हौदापासून आठ सरळ रस्ते, टँकर वळेल एवढे रुंद, कडेनं दावणी आणि वर तुराट्यांचं छप्पर.

बैलजोडी घेऊन आलेला म्हातारा धोंडप्पा सगळीकडं हिंडून तिच्यापाशी आला.

"कुठूनबी निघालं तरी पाण्यावरच येतंय. कुणी काढलं हे?"

"मी काढलं, काका."

"लई सोपं केलंत. मग लातुरात असं का करत न्हाई?"

 त्यानंतर काम नसलं तरी पंचशीला रविवारी एसटीनं माळावर जायची आणि आठही रस्ते पायी फिरून यायची.

पाऊस झाला आणि आठवड्यात छावणी उठली.

दोन वर्षांनी त्याच माळाचा नकाशा मंजुरीसाठी तिच्या टेबलावर आला. एकाला एक चिकटलेले शंभर प्लॉट, मधून एक अरुंद रस्ता. चौक नव्हता. तीन दिवस ती त्यात चूक शोधत राहिली. सगळं नियमात बसत होतं.

चौथ्या दिवशी हणमंतरावांनी विचारलं, "कुठं अडलंय, बाई?"

"कुठंच नाही, साहेब," ती म्हणाली आणि तिनं सही केली.