परीक्षेच्या खोलीतला दुसरा आवाज

लिहायला सुरुवात करण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला हिणवायला नको. आमचं घर बौद्ध. दारात लिंबू-मिरची नाही, दृष्ट काढणं नाही, उतारे नाहीत, काही नाही. लहानपणी भुसावळला शेजारची मुलं चिंचेखालच्या हडळीच्या गोष्टी सांगायची, तर मी "चल, दाखव मग!" म्हणून त्यांनाच ओढत चिंचेखाली न्यायचे. वर मी एम.एस्सी. बॉटनी! इथले, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि खरं सांगू का... निम्म्या लोकांना मनातल्या मनात वेड्यात काढते. आता माझी पाळी आहे. काढा वेड्यात, माझी ना नाही, फक्त पूर्ण वाचून मग काढा.

जयपूर, मानसरोवर. मेट्रोपासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचा भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला. घरात आम्ही तिघं - मी, माझा नवरा विशाल, तो रेल्वेत टेक्निशियन आहे, आणि माझे सासरे. त्यांना मी बाबाच म्हणते. तेही रेल्वेतूनच रिटायर झाले. जन्मभर मालगाडीचे ड्रायव्हर.

विशालची बदली झाली की माझी नोकरी जायची, हा आमच्या घरचा नियमच झाला होता. भुसावळला ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे, ते कोट्याच्या बदलीत गेलं. कोट्याला एक शाळा धरली, ती जयपूरच्या बदलीत गेली. इथे तिलक नगरच्या एका शाळेत लागले, तर तिथल्या प्रिन्सिपल बाई दर महिन्याला विचारायच्या, "मॅडम, हस्बैंड का फिर ट्रांसफर हो गया तो?" एक दिवस माझं डोकंच फिरलं. राजीनामा दिला, घरी आले आणि प्रोग्रामिंगच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. कॉम्प्युटर सोडून भलत्याच विषयात पदवी घेतलेल्यांसाठीच होता तो. आमच्या बॅचमध्ये एक फिजिओथेरपिस्ट, एक संस्कृतवाली, दोन बी.कॉम. आणि मी झाडपाल्यावाली! शेवटची परीक्षा पास झालं तर एका कंपनीत घरबसल्या काम पक्कं होतं. म्हणजे विशालची बदली होऊ दे कुठेही, नोकरी माझ्याबरोबर येणार. पण संधी एकच. नापास झालात तर तुमची जागा पुढच्याला. तुम्हाला सांगते, मला ती नोकरी इतकी हवी होती, इतकी हवी होती की रिझल्टच्या आधीच मी विशालला सांगून ठेवलं होतं, आता तुझी बदली मणिपूरला झाली तरी मी हसत बॅग भरेन.

सुरुवातीला मात्र रोज रडायचे. एक स्वल्पविराम चुकला की सगळं ठप्प! आमचे सर म्हणाले, कोड मोठ्याने वाचत जा, एकेक ओळ. म्हणून आतल्या खोलीत बसून वाचायला लागले. बाबा बाहेर हॉलमध्ये वेताच्या खुर्चीत पेपर वाचत असायचे, मध्ये फक्त पडदा.

एक दिवस 'सगळ्या नोंदी दाखव' असं सांगणारी ओळ मी वाचली, "सिलेक्ट स्टार..."

बाहेरून खणखणीत आवाज, "सिलेक्ट स्टार!"

दचकलेच मी! पडदा सारला, तर बाबा उजवा हात वर करून बसलेले, नजर पेपरातच.

"बाबा, हे काय?"

"अगं, सवय आहे," ते ओशाळून म्हणाले. "इंजिनात असिस्टंट सिग्नल पाहून ओरडतो, 'हिरवा!' मग ड्रायव्हरनं स्वतः पाहायचं, हात वर करायचा आणि तेच परत म्हणायचं. कोणी मोठ्यानं पुकारलं की माझं तोंड आपोआप उघडतं."

"आणि ड्रायव्हर बोललाच नाही तर?"

"तर असिस्टंटनं परत पुकारायचं. तरी गप्प, तर समजायचं काहीतरी गडबड आहे. त्यानं स्वतः ब्रेक मारायचा."

आधी मला हसू आलं, मग दोन दिवस चिडचिड झाली, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की माझ्या चुका कमी झाल्यात! कारण बाबांचं उत्तर येईपर्यंत मला थांबावं लागायचं आणि नजर त्याच ओळीवर राहायची. मग काय, आमची जोडीच जमली. रोज जेवणं उरकली की मी आत, बाबा बाहेर. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विचारायचे फार. एकदा मी सांगितलं, "बाबा, 'डिलीट' म्हटलं की पुढे 'व्हेअर' लागतोच. कोणतं पुसायचं ते सांगावं लागतं, नाहीतर सगळंच पुसलं जातं."

"मतलब लाल सिग्नल," बाबा म्हणाले. "व्हेअर दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही."

असे सहा-सात महिने गेले, आणि परीक्षेचा दिवस आला.

परीक्षा घरूनच होती, पण नियम कडक. कॅमेरा चालू, माइक चालू, समोर स्क्रीनवर एक मॅडम पूर्ण वेळ तुमच्यावर नजर ठेवून. जे कराल ते मोठ्याने बोलत करायचं, म्हणजे तुम्हाला खरंच येतं का ते कळतं. आणि दुसऱ्या माणसाचा आवाज आला तर परीक्षा बाद! हे वाचून मी कपाळालाच हात लावला. मी पुकारणार आणि बाबा गप्प बसणार? शक्यच नाही. हाताने तोंड दाबून बसले तरी बोलतील!

नेमकी त्याच दिवशी त्यांच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपची जयपूरबाहेर कानोत्याच्या धरणावर सहल होती. शेजारचे माथुरजी बोलवायला आलेच होते. बाबांना जायचं नव्हतं. "तुझी परीक्षा आणि मी दाल-बाटी खात बसू?" म्हणाले. मी हातच जोडले, "बाबा, तुम्ही जाल तरच माझी परीक्षा होईल." तोंड एवढंसं झालं हो त्यांचं. पण गेले. विशाल ड्युटीवर होता. कोणी बेल वाजवून आत येऊ नये म्हणून मी बाबांना बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. किल्ली त्यांच्या खिशात. म्हणजे सकाळी दहापासून मी घरात एकटी, कोंडलेली. हे नीट लक्षात ठेवा.

दुपारी दोनला पेपर सुरू झाला. एका गेस्टहाउसच्या नोंदी दिल्या होत्या, त्या नोंदींच्या तक्त्याचं, म्हणजे टेबलाचं नाव गेस्ट अंडरस्कोर स्टे. त्यातून काय काय शोधायचं, बदलायचं, आणि रद्द झालेली बुकिंग्ज पुसायची. खाली तंबी होती - पुसलेलं परत मिळणार नाही, आणि पुढचे सगळे प्रश्न याच टेबलावर.

पहिली ओळ म्हटली. उत्तर आलं. दुसरी म्हटली, उत्तर आलं. मग जी लय लागली म्हणता! मी पुकारतेय, मागून "सिलेक्ट!", मी पुकारतेय, मागून "गेस्ट अंडरस्कोर स्टे!" धडाधड प्रश्न सुटत होते. तुम्ही म्हणाल, बाई, तुला विचित्र नाही वाटलं? आईशप्पथ नाही! रोजचंच होतं ना ते. उलट जीवात जीव आला. बाबा सहलीला गेलेत हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं.

मग ती पुसायची ओळ आली. घड्याळाकडे बघत घाईत टाइप केली आणि पुकारलं, "डिलीट फ्रॉम गेस्ट अंडरस्कोर स्टे."

मागे शांतता.

परत पुकारलं. शांतताच.

बोट 'रन'च्या बटणावर होतं. ते मी उचललं, अगदी हिसका बसल्यासारखं. ओळ पुन्हा वाचली... व्हेअर नव्हता! मी तो लिहिलाच नव्हता! बटण दाबलं असतं तर अख्खं टेबल पुसलं गेलं असतं, आणि त्याच्याबरोबर पुढचे सगळे प्रश्न, नोकरी, सगळंच. पुढचा भाग लिहिला आणि पुकारलं, "व्हेअर स्टेटस इज कॅन्सल्ड."

"व्हेअर!" मागून इतक्या जोरात आलं की मी हसलेच.

आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये मॅडम बोलल्या, "मॅम, आपके साथ कमरे में कौन है?"

"कोई नहीं," मी म्हटलं.

"किसी जेंट्स की आवाज़ आ रही है। आप जो बोलती हैं, वही बोल रहे हैं।"

तेव्हा, अगदी तेव्हा, मला आठवलं की बाबा कानोत्याला आहेत. दोन्ही कानांवर हेडफोन होते हो माझ्या! तरी आवाज मागून, पडद्यापलीकडून येत होता, रोजच्यासारखाच.

मॅडमनी लॅपटॉप उचलून सगळं घर दाखवायला लावलं. कपाट, पलंगाखाली, बाथरूम, किचन. हॉलमध्ये वेताची खुर्ची रिकामी. बाहेरून कुलूप लावलेलं दार खडखडावून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "ठीक है, आप पूरा कीजिए, लेकिन मुझे रिपोर्ट करना पड़ेगा।" उरलेला पेपर मी कसा लिहिला, माझं मला ठाऊक. आवाज मात्र परत आला नाही.

पाच वाजता कुलूप उघडलं. बाबा आणि माथुरजी. बाबांचा घसा पार बसलेला, शब्द फुटत नव्हता. माथुरजी हसून हसून बेजार.

"बेटा, आपके बाबूजी ने तो आज कमाल कर दिया! खाने के बाद दरी पर बैठे-बैठे सो गए, और नींद में हाथ उठा-उठाकर चिल्ला रहे हैं। हमने सोचा इंजन चला रहे हैं!"

त्यांनी मोबाइल पुढे केला. कोणीतरी गंमत म्हणून व्हिडिओ काढला होता. झाडाखाली बाबा, डोळे मिटलेले, उजवा हात वर. "सिलेक्ट!" मागे बाकीचे खिदळतायत. मग बाबा म्हणाले, "गेस्ट अंडरस्कोर स्टे!"

मी माथुरजींच्या हातातून मोबाइलच ओढून घेतला. अहो, हे नाव मीच त्या दिवशी दोन वाजता पहिल्यांदा वाचलं होतं!

व्हिडिओत पुढे बाबा एकदम गप्प होतात. हात वरच. चेहरा घट्ट आवळलेला. कोणीतरी म्हणतं, "अरे, पानी लाओ, पानी!" आणि मग बाबा एवढ्या जोरात ओरडतात, "व्हेअर!" की पाणी आणणाऱ्याच्या हातून बाटली पडते. व्हिडिओवरची वेळ मी पाहिली. तीनला दहा मिनिटं कमी. पेपरमधली माझी ती ओळही त्याच मिनिटाला नोंदलेली आहे.

बाबांना काहीच आठवत नव्हतं. "झोप लागली एवढं खरं. घसा का बसला कोणास ठाऊक," बसक्या आवाजात म्हणाले, आणि पुढचा प्रश्न, "पेपर कसा गेला?" रडूच फुटलं मला. विशाल घरी आल्यावर म्हणाला, "रोज ऐकतात ना, झोपेत बडबडले असतील." मी टेबलाचं नाव सांगितलं. त्यानंतर तो पुन्हा पुन्हा व्हिडिओच बघत बसला.

आठवडाभर जेवण गेलं नाही. रिझल्ट रोखून धरलेला. मग मेल आला, तो मी तीनदा वाचला. त्यांनी परीक्षेचं पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं होतं. त्यात आवाज फक्त माझा! प्रत्येक ओळीनंतर मी थोडी थांबतेय, एवढंच. मॅडमनी मात्र आपल्या रिपोर्टमध्ये लिहून दिलं होतं की पुरुषाचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला, आणि एका ठिकाणी तो थांबला. पुरावा नाही म्हणून शंका रद्द. आणि खाली... पास! मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या भाभीजी धावत वर आल्या. बाबांनी स्वतः जाऊन गल्लीत गोड मावा कचोरी वाटली, ओळखीच्या आणि अनोळखी, सगळ्यांना.

फक्त एक गोष्ट बाकी होती. सर्टिफिकेट मिळायच्या आधी एका कागदावर सही करून पाठवायची होती. एकच ओळ - परीक्षेच्या वेळी मला दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीची मदत मिळालेली नाही.

दोन दिवस तो कागद तसाच पडला. सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणारी मी, खोटं बोलणार नाही असं रोज तोंडाने म्हणायचं आणि इथे सही करायची? आणि खरं लिहायचं तर काय लिहू? सासरे कानोत्याहून बोलत होते?

शेवटी बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

"चूक कोणी शोधली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"व्हेअर कोणी लिहिला?"

"मीच. पण बाबा, तुम्ही गप्प बसला नसतात तर मी थांबले नसते."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मी तर झोपलो होतो, बेटा," आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. सोमवारपासून कामावर आहे, आणि इतकी खूश आहे की काय सांगू! पण त्या एका ओळीखाली मी खरं लिहून दिलं की खोटं, हे मला अजूनही माहीत नाही.