तुटायला बांधलेली दोरी

"सुतळी कच्ची हवी," म्हणत काका कुठलीही दोरी आधी दोन्ही हातांत धरून हिसका देऊन बघायचे. पार्सलची असो, नातीच्या पतंगाची असो. सहज तुटली की समाधानाने मान हलवायचे. तुम्ही-आम्ही दोरी न तुटल्यावर खूश होतो. काकांचं उलटं होतं.

काका म्हणजे इथल्या, नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावातल्या आमच्या शेजाऱ्याचे, निखिलचे, वडील. नोकरीची वीस वर्षं त्यांनी राजस्थानच्या सीमेवर उंटांच्या तुकडीत काढली, मग नाशिकला घर केलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. काका मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले, आणि कोरोनाने विमानं बंद पडली.

सुपरमार्केटबाहेर दीड मीटरवर पट्ट्या चिकटवल्या होत्या. काकांना त्या फार आवडल्या. "आमच्या रांगेत दोन उंटांत एवढंच अंतर," ते मला सांगायचे. "मॅनेजरबाई, तुम्ही फार पुढे आलात. उंट लाथ मारतो."

मॅनेजरबाई हे नाव माझ्या याद्यांमुळे पडलं. मी सगळ्याच्या याद्या करते. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, एक वेळ सोडून.

जुलैत भारतात जाणारी थोडी विमानं सुरू झाली. काकांनी बॅग भरून दाराशी ठेवली. निखिलने ती उचलून माळ्यावर नेली. "बाबा, तिकडे एकटे काय करणार? काही झालं तर मला येतासुद्धा येणार नाही." दुसऱ्या दिवशी बॅग पुन्हा दाराशी. इथल्या घरांचे शिडीसारखे उभे जिने तुम्हाला ठाऊक असतील, तर त्या बॅगेच्या फेऱ्यांत काय जिद्द होती ते कळेल. हे भांडण महिनाभर चाललं, आवाज न करता.

मे महिन्याच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं मोरोक्कोला जाणार होती. वाळवंटात उंटांवरून फिरायचं, तंबूत राहायचं. ते अर्थातच रद्द झालं. मग मी शोधून काढलं, की पाऊण तासावर पाइनच्या रानाच्या मधोमध खरीखुरी वाळूची टेकाडं आहेत, आणि जवळच एक शेतकरीण उंट पाळते. ती उंटांवरून फिरवून आणते, मागच्या कुरणात तंबूही ठोकू देते. ऑगस्टमधला शनिवार ठरला. मी यादी केली: तंबू, गॅस, मास्क, सॅनिटायझर, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काका, घडीची खुर्ची, छत्री, गोळ्या.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली. "मॅनेजरबाई, मला सामानात टाकलंत."

मी हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू थांबलं. पण खोडलं नाही. त्यांचे गुडघे दुखायचे, वाळूत चालू द्यायचं नाही असं निखिलने बजावलं होतं.

शेतावर पोचल्यावर काका थेट उंटांकडे गेले आणि एकेकाचं नाक निरखलं. इथे तोंडाभोवती नुसत्या दोरीच्या म्होरक्या होत्या. "नाकं शाबूत," ते हलकेच म्हणाले. तिकडे उंटाच्या नाकात लाकडी खुंटी असते, त्यांनी आम्हाला सांगितलं. एकामागे एक बांधताना मध्ये कच्च्या सुतळीचा तुकडा घालायचा. मागचा अडला, बसला, तर नाक फाटायच्या आत सुतळी तुटली पाहिजे.

काकांना डच येत नव्हतं, त्या बाईला मराठी. दोघांनी मिळून दहा मिनिटं एका उंटाचे दात तपासले. मग तिने पुढच्या उंटाची दोरी काकांच्या हातात दिली. निखिल "बाबा, गुडघे..." म्हणेपर्यंत काका चालू लागले होते. खुर्ची गाडीतच राहिली.

दोन उंटांवर मुलं, तिसऱ्यावर हौसेने चढवलेलं सामान. तो तिसरा काकांनी माझ्या डब्याची सुतळी सोडून घेऊन तिने बांधला होता. वाळूच्या ऐन मध्यावर तो थांबला. सुतळी तटकन तुटली.

"बाबा! तुटली!" निखिल ओरडला.

"तुटायलाच बांधलीय." काकांनी फक्त पावलं लहान केली.

"अहो, मागे बघा तरी!"

"बघायचं नाही. सारखं मागे बघितलं की जनावराला वाटतं, आपल्यावर भरवसा नाही."

उंटाने एका झुडपाचे दोन घास घेतले, माझ्या सॅनिटायझरच्या खोक्यासकट अंग झटकलं, आणि आपला आपण रांगेत येऊन चालू लागला.

संध्याकाळी कुरणात दशम्या खाताना निखिल सुतळीचे दोन तुकडे हातात घेऊन बसला होता. "गाठ मारू नकोस," काका म्हणाले. "गाठ पक्की बसते."

सकाळी तंबूच्या खुंट्या उपटताना निखिल खाली बघतच म्हणाला, "ताई, मुंबईच्या विमानाचं बघून द्याल का? तुम्हाला ते नीट जमतं."

सप्टेंबरात आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. निखिलने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा खुर्ची?" पण बसले. मुलाचं तेवढं ऐकलं.

काचेपलीकडे थोडं गेल्यावर खुर्ची थांबली आणि काका उठले. ढकलणारा माणूस काहीतरी समजावत होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढे निघाले, मागे तो रिकामी खुर्ची घेऊन. एक हात त्यांनी मागे, तिच्या बाजूच्या दांडीवर सैल ठेवला होता.

निखिलने काचेवर ठोठावायला मूठ उचलली, आणि तशीच खाली घेतली.

वळण आलं. काकांनी पावलं जरा लहान केली. मागे पाहिलं नाही.