हक्काचं धान्य

घाटंजीजवळच्या आमच्या गावात, रेशनच्या रांगेत ती बाई मला एकदाच भेटली. वय पन्नाशीचं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस. तिच्यापुढे एक कोलाम आदिवासी म्हातारी होती. कापूस वेचून झिजलेला तिचा अंगठा मशीन घेईना. दुकानदार म्हणाला, "पुढच्या महिन्यात ये, बुढे."

बाईनं पिशवीतून सरकारी नियमाचा कागद काढला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा शांतपणे वाचला: अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. मग म्हातारीला म्हणाली, "आता तू सांग, माय." म्हातारीनं अडखळत तोच नियम दुकानदाराला सांगितला. दुकानदारानं रजिस्टरात लिहून गहू-तांदूळ दिले.

मी बाईला म्हणालो, "तुमच्या चर्चनंच धान्य दिलं असतं, तर लवकर झालं असतं."

"आमी देतो ना जी. पण ते चार दिवस पुरते. प्रभूनं भुकेल्यायले जेवू घाला म्हटलं, हात पसरायले लावा असं नाही म्हटलं."

पुढच्या महिन्यात ती आली नाही. एका म्हाताऱ्याचा अंगठा जुळेना. आम्ही शिकलेले नुसते बघत उभे होतो. कोलाम म्हातारी पुढे झाली. अक्षर येत नसलेल्या त्या म्हातारीनं दुकानदाराला अख्खा नियम म्हणून दाखवला.