मोरोक्कन जेवणाला दिलेली फोडणी

टेस्टिंगला तीन तास उरले होते आणि माझ्या गॅसवर मातीचं भांडं दुभंगून पडलं होतं. तेल बर्नरवर सांडून सगळीकडे धूर झाला होता. चूक माझी होती. तेव्हा मी ती कबूल केली नाही.

ही २००६ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये माझं केटरिंग होतं. अपार्टमेंटमधून डबे देत सुरुवात केली आणि वाढत वाढत एका कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कॅफेटेरियाचं लंच मिळवलं. माझी नऊ माणसं त्याच काँट्रॅक्टवर जगत होती. रेन्यूअलची वेळ आली तेव्हा कॅफेटेरियाची मॅनेजर डेब्रा हिने ईमेल केला : 'तुमच्या सगळ्या डिशेसची चव एकच असते. पारंपरिक मोरोक्कन करून दाखवा, मग बोलू.' बाई नुकतीच मोरोक्को फिरून आली होती. चार वर्षं मी तिला थाय, मेक्सिकन, इटालियन, म्हणेल ते करून घातलं होतं. आणि चव एकच?

मी फातिमाला गाठलं. पन्नाशीची बाई, मूळची कासाब्लांकाची, इथे एका बेकरीत कामाला. टेस्टिंगच्या दिवशी माझ्या किचनमध्ये येताना तिने घरची दोन ताजीन आणली. ताजीन म्हणजे शंकूसारखं उंच झाकण असलेलं मातीचं पसरट भांडं. त्यात शिजलेल्या पदार्थालाही ताजीनच म्हणतात. वाफ झाकणाला लागून परत खाली उतरते, म्हणून पाणी अगदी थोडं लागतं.

तिने थंड भांड्यातच किसलेला कांदा, चिकन, तेल, आलं, हळद, केशर असं सगळं एकदम घातलं. खाली लोखंडी तवा, मंद आच, वर झाकण.

"आधी तेल नाही तापवायचं?" मी विचारलं.

"नाही."

"कांदा तरी परतून घे. कच्चट लागेल."

"बॉस, घाई तुला आहे. चिकनला नाही."

मग ती कुसकुसकडे वळली. हे रव्यासारखे गव्हाचे कण. पाकिटावर गरम पाणी ओतायला सांगतात, मीही तसंच करत आलो होतो. फातिमा ते तीनदा वाफवते. दर वाफेनंतर परातीत काढून, तेल-पाणी लावून, हाताने मोकळं करते. तिची पाठ माझ्याकडे होती. दुसरं ताजीन भाज्यांसाठी ठेवलेलं होतं, कारण त्या कंपनीत आपले शाकाहारी इंजिनिअर बरेच. मी म्हटलं, निदान हे तरी नीट होऊ दे. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं, तेल चांगलं तापवलं, जिरं टाकलं आणि फ्रिजमधला गार कांदा त्यात ओतला.

फट्‌ आवाज झाला.

फातिमाने वळून पाहिलं. चिकनखालचा गॅस बंद केला आणि ॲप्रन सोडू लागली.

"नवीन भांडं घेऊन देतो. आजची मजुरी दुप्पट."

"भांडं तर तू देशीलच. ते तूच फोडलंस," ती म्हणाली. "मी थांबायला हवं असेल तर गॅसला हात लावायचा नाही. आणि काउंटरवरच्या कार्डावर माझं नाव लिहायचं."

"कार्डावर माझ्या कंपनीचं नाव असतं. कुठल्याच कुकचं नसतं."

"मग कंपनीला सांग, कर ताजीन."

मी आवाज चढवला. तो तिने ऐकला आणि पर्स उचलली. तेवढ्यात कोथिंबीर निवडणारी माझी बायको मंगल मराठीत म्हणाली, "अहो, लिहा की नाव. तुमच्या रेसिपी मालक स्वतःच्या नावावर खपवायचा म्हणून पहिल्या हॉटेलातली नोकरी सोडलीत ना? आणि मातीचं भांडं तापवताना खाली तवा ठेवायचा असतो, हे मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."

मी कार्ड लिहिलं. फातिमाने स्पेलिंग तपासलं आणि गॅस लावला. भाज्या साध्या जाड बुडाच्या पातेल्यात केल्या, पण सगळं तसंच थंड भांड्यात एकदम घालून. शेवटी चिकनमध्ये हिरवी ऑलिव्ह आणि मिठात मुरलेलं लिंबू पडलं. ते लिंबू आपल्या लोणच्यासारखंच, फक्त मसाला नाही.

डेब्राने दोनदा वाढून घेतलं. कार्ड वाचलं आणि फातिमाचा हात हातात घेऊन म्हणाली, "यांच्या किचनमधून अखेर काहीतरी वेगळं आलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका वर्षाचं रेन्यूअल मिळालं. अट अशी की दर शुक्रवारी मोरोक्कन, आणि ते फातिमानेच करायचं.

पुढच्या आठवड्यात मी माझा मेन्यू समोर घेऊन बसलो. थाय करी, मेक्सिकन बीन्स, अगदी पास्त्याचा सॉससुद्धा. सगळ्यांची सुरुवात तीच : कडकडीत तेल, जिरं, लाल होईपर्यंत परतलेला कांदा. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला सवय होती. अर्ध्याहून जास्त डिशेस मला नव्याने शिकाव्या लागल्या.

धंद्यात नवीन असणाऱ्यांना एवढंच सांगतो : तक्रार उद्धटपणे आली म्हणून ती खोटी ठरत नाही. पण डेब्राने चार वर्षांत एकदा तरी तोंडावर सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.